दोन चमचे साखर

साखर खाणाऱ्या जिवाणूला साखर सोडायला लावायची, हे माझं काम. साकीनाक्याला एका जुन्या औद्योगिक इमारतीत आमची प्रयोगशाळा होती. खालच्या गाळ्यात स्क्रू बनायचे, वरच्या गाळ्यात बॅगांच्या चेनी, आणि मधल्या मजल्यावर आम्ही माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या एका साध्या जिवाणूत दुसऱ्यांची जनुकं घालून त्याला कार्बन डायऑक्साइडवर वाढायला शिकवत होतो. ऐकायला झकास वाटतं. प्रत्यक्षात ते बाळाचं दूध तोडण्यासारखं असतं. साखर एकदम बंद केली तर सगळे मरतात. म्हणून दर काही दिवसांनी चिमूटभर कमी करायची, जे तगतील त्यांना पुढच्या बाटलीत न्यायचं, बाकीचे टाकून द्यायचे. मी हे सव्वा वर्ष केलं. भावाच्या हळदीतून उठून बाटली बदलायला आले होते, आणि वहिनीने ते अजून माफ केलेलं नाही.

शेवटी एक बाटली साखरेशिवाय जगली. ताकदीला थोडा क्षार आणि अंग धरायला नळीतून येणारा वायू, बस्स. पाणी जेमतेम गढूळ होतं, तांदळाच्या तिसऱ्या धुण्याचं असतं तेवढं. मी एकटीच होते आणि मी रडले. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आमच्या सरांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, विज्ञान पाहुण्यांना सांगण्यापुरतं येत होतं. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"एवढंसंच? दिसत पण नाहीये ना काही."

"हळू वाढतात सर. एकाचे दोन व्हायला जवळजवळ दिवस जातो."

"मग पाहुण्यांना काय दाखवू मी? पाणी?"

पाहुणे म्हणजे कंपनीत पैसे घालणारी माणसं. ती दसऱ्याला येणार होती. त्या दिवशी आमच्या इमारतीत गाळ्यागाळ्यात यंत्रं पुसून, झेंडू घालून पूजा होते आणि गिऱ्हाइकांना पेढे मिळतात. सरांना तोच मुहूर्त हवा होता. मी मात्र महिनाभर आधी सुट्टी टाकली होती. आमच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी आईला घेऊन घाटकोपरच्या विहारात जाते, दर वर्षी जाते, हे सरांनाही माहीत होतं. जाताना मी बाटली उबेत ठेवायच्या पेटीच्या काचेवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत चिठ्ठी लावली की आतल्या बाटलीला हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी आले तर बाटली दुधासारखी पांढरी. अर्धा मिनिट मला आनंद झाला, आणि त्या अर्ध्या मिनिटाचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. मग झाकण सैल केलं आणि आंबूस वास आला.

आमच्याकडे साफसफाई करणाऱ्या मावशी मालवणकडच्या. त्यांनी पदराला हात पुसत सांगून टाकलं, "सायबांनी चायच्या डब्यातली साखर घातल्यांनी गो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सांजेक, दोन चमचे. माका वाटला, तुका इचारून घातल्यांनी."

साखर मिळाली की कष्टाने वायूवर जगणारे मागे पडतात आणि आयतं खाणारे वर येतात. त्यात चहाच्या डब्यातून आणखी कोण कोण आलं असेल, सांगता येत नाही. साखर खाणारा जिवाणू आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. म्हणजे पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा आमची बाटली तोच वायू हवेत सोडत होती. याच जिवाणूंची गोठवून ठेवलेली एक कुपी होती, पण पाच महिन्यांपूर्वीची, अजून अर्धी साखर लागायची तेव्हाची. नवी कुपी मी ठेवलीच नव्हती. जरा जोमदार होऊ दे, मग गोठवू, असं रोज म्हणत राहिले. सरांच्या अकलेवर मी तेव्हापासून खूप तोंडसुख घेतलंय, पण ही चूक माझी होती, आणि तीही मी त्यांना सांगितली.

ते खुर्चीत मागे रेलले. "अगं, खूश झाले ते. व्हिडिओ काढून नेला. गुरुवारी आणखी दोघांना आणतायत. तोपर्यंत अशीच दाट ठेव."

"सर, वायूवर जगणारे मेले त्यात. त्यांना तसं कळवा."

"काय कळवू? जिची जबाबदारी होती ती त्या दिवशी सुट्टीवर होती, हे पण लिहू? तुमचं ते असतंच ना दसऱ्याला."

तुमचं ते. चोराच्या उलट्या बोंबा मी पुष्कळ ऐकल्यात, नोकरीत ऐकाव्याच लागतात. पण त्या दोन शब्दांत माझी आई होती, पांढरी साडी नेसून सकाळी सहापासून दारात तयार बसलेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि आवाज मात्र अगदी खाली आला.

"लिहा," मी म्हणाले. "कशाची सुट्टी होती तेही नावासकट लिहा. आणि साखर कोणी घातली तेही."

त्यांनी फोन उचलून कोणाला तरी लावल्यासारखं केलं. मी आत गेले. बिघडलेली बाटली मारून टाकायची असते, प्रयोगशाळेचा तो पहिला नियम आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मी वायूची नळी बंद केली आणि बाटलीत ब्लीच ओतलं. सर धावत आले. "वेडी आहेस का? गुरुवारी काय दाखवू मी?"

मी हातमोजे काढले, ओट्यावरचा चहाच्या साखरेचा डबा आणून त्यांच्या हातात दिला. मग फ्रीजरमधून पाच महिन्यांपूर्वीची कुपी काढून बर्फात ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून नव्या बाटलीवर तारीख घातली.