प्लॅनबाई आणि घरजावयाचं हमीपत्र

लग्नमांडवात रडणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. पण अक्षता टाकता टाकता पिशवीतून डायरी काढून, कपाळावर हात मारून "गेली! अजून एक गेली!" म्हणणारी बाई एकच पाहिली. त्या आमच्या प्लॅनबाई. शेजारच्या बायकांना वाटायचं, नवरी हिच्या नात्यातली दिसते, किती जीव लागलाय बिचारीचा. कसलं नातं नि कसलं काय! नवरी नर्सिंग शिकलेली असायची आणि ती दुसऱ्या तालुक्यात नांदायला निघाली की बाईंच्या यादीतलं एक गाव पुन्हा सिस्टरविना व्हायचं. त्या तिथंच त्या गावापुढं लाल फुली मारायच्या आणि मग निवांत बुंदीच्या पंगतीला बसायच्या.

त्यांचं खरं नाव त्यांच्या पगारपत्रकाला तेवढं ठाऊक. जामखेडकडच्या गावांसाठी आरोग्यसेविका कुठून आणायच्या, कुणाला शिकवायचं, कधी शिकवायचं, याचा आराखडा करणं हे त्यांचं काम. मूळच्या सोनईकडच्या, पाण्याच्या मुलखातल्या. पण आमच्या कोरड्या भागाची त्यांना खडान्‌खडा माहिती. नव्या गावात गेल्या की लोकसंख्या विचारायच्या नाहीत. "तुमची जत्रा कधी? आणि कोयता कधी निघतो?" हे दोन प्रश्न आधी. कोयता निघतो म्हणजे माणसं ऊसतोडीला जातात. एकदा वरून आलेल्या वेळापत्रकात गावातल्या बायकांचं प्रशिक्षण नेमकं दिवाळीनंतर टाकलेलं. बाई भर बैठकीत उठून म्हणाल्या, "साहेब, तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि कुत्री एवढीच असतात. म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. कुत्र्यांना शिकवू का?" तारीख बदलली.

बाहेरून आलेल्या सिस्टरांवर त्यांचा भरवसा नव्हता. "पोरी वाईट नसतात गं," म्हणायच्या, "पण हजर झाल्याचा कागद आणि बदलीचा अर्ज एकाच पाकिटात आणतात." म्हणून त्यांनी भांडूनतंडून एक योजना मंजूर करून घेतली. ज्या गावचं उपकेंद्र ओस, त्या गावच्याच बाईला एएनएमचा, म्हणजे आरोग्यसेविकेचा, दोन वर्षांचा कोर्स शिकवायचा आणि तिथंच नेमायचं. अट त्यांनी स्वतःच घातली: सून पाहिजे, लेक नको. लेक शिकवली की ती लग्न होऊन जाते, सून शिकवली की गावात राहते. त्यांच्यापुरता विषय संपला.

आणि तिथंच माझं घोडं अडलं. मी गावची लेक. आमच्या उपकेंद्राला कुलूप, त्या कुलपाला गंज. माझ्या वहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला टेम्पोत घालून जामखेडला न्यायला निघालो. वाटेत मधल्या ओढ्यातच बाळ झालं. टेम्पोवाला तोंड फिरवून मोठमोठ्यानं हनुमानाचं नाव घेत होता, माझी आई रडत होती आणि मी, बारावी पास, बाळाला ओढणीत गुंडाळून नुसती बघत बसले. नाळेचं काय करायचं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. देवाची कृपा, दोघं वाचली. पोराला गाव आजही 'टेम्पो' म्हणतं आणि तो ओ देतो. पण त्या दिवशीचं माझं ते नुसतं बघत बसणं काही केल्या मनातून जाईना. मला सिस्टर व्हायचं होतं, आणि याच गावात.

मी तडक प्लॅनबाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"लग्न झालंय?"

"नाही. करणारपण नाही."

"असं सगळ्याच म्हणतात. अक्षता पडेपर्यंत."

"मग नवरा इथंच आणते!" मी रागानं म्हटलं. "घरजावई आणते. झालं?"

बाईंच्या हातातला चहा बशीत, बशीतला फायलीवर. हसून हसून त्यांना ठसका लागला, शिपाई पाणी घेऊन पळत आला. मला वाटलं, गेलं सगळं. पण डोळे पुसत त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "लिही. लेखी पाहिजे. तोंडी आश्वासनावर तालुका चालत नाही."

मी लिहिलं. 'मी हमी देते की, माझा विवाह झाल्यास नवरदेव आमच्या गावी येऊन राहील.' खाली माझी सही, शेजारी सरपंचांचा शिक्का. सरपंचांनी शिक्का मारताना तीनदा वाचलं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळलं तेव्हा ते मटकन खाटेवर बसले. "आगं, तू कोर्सला नाव घालायला गेल्तीस का नवरा ठरवायला?"

दोन वर्षं मी जीव तोडून शिकले. मधूनमधून बाई यायच्या, मला बाळंतपणाच्या पायऱ्या उभ्या-उभ्या म्हणायला लावायच्या आणि जाताना हळूच विचारायच्या, "स्थळ?" बाकी मुलींची परीक्षा एक, माझ्या दोन!

पुढं बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले तर बाई प्रत्येकाला हजर. आप्पांची काय बिशाद नको म्हणायची. पोह्यांच्या बशा फिरल्या की बाई चष्मा चढवून मुलाखत घ्यायच्या. "बायको कुणाचं बाळंतपण करायला गेली तर घरी भाकरी कोण करणार?" पहिला मुलगा म्हणाला, "आई." बाई म्हणाल्या, "म्हणजे आईचीपण बदली इकडं करावी लागेल. अवघड आहे." दुसऱ्याच्या मामानं जाताना आप्पांना बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पोरगी झ्याक हाय. पर त्या चष्म्यावाल्या मावशी लई कडक हायेत. न्हाई जमायचं."

तिसरा नागापूरच्या एमआयडीसीत वेल्डर होता. बाईंनी विचारलं, "इथं येऊन राहाल?" त्यानं घाबरून वगैरे न जाता उलटा प्रश्न केला, "थ्री फेज लाईट किती तास असती?"

"आठ."

"मग आठ तास वेल्डिंग करीन. बाकीच्या वेळात भाकरी शिकतो."

"पास!" बाई ओरडल्या. मला कुणी विचारलंच नव्हतं, पण पोहे संपवून तो स्वतःची बशी मोरीत ठेवायला उठला तेव्हाच मी मनातून हो म्हटलं होतं. आप्पा मात्र कळवळले, "बाई, घरजावई म्हंजे लोक काय म्हनतील वो?" बाई म्हणाल्या, "घरजावई म्हणू नका. सहायक कर्मचारी म्हणा." आमच्या ह्यांना गावातली टवाळ मंडळी आजही त्याच हुद्द्यानं हाक मारतात.

एवढं होऊनही नेमणूक अडलीच. स्वतःच्या गावात सिस्टर नको, नातलगांचं काम आधी करेल, असं वरचे एक साहेब म्हणाले. बाईंनी नगरच्या बैठकीत ते हमीपत्र आणि माझी लग्नपत्रिका एकापुढं एक ठेवली. "साहेब, आपल्या माणसानं शब्द पाळलाय. आता आपण पाळायचा." साहेबांनी हमीपत्र मोठ्यानं वाचलं आणि मग आख्खी बैठक पोट धरून हसली म्हणतात. सही त्याच हसण्यात झाली. गंजलेलं कुलूप आमच्या ह्यांनी गॅस कटरनं कापलं.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मुलाकडं पुण्याला जाणार. आठ दिवसांनी एक 'छोटा हत्ती' टेम्पो आमच्या गावात शिरला. त्यात एक पलंग, दोन पेट्या, तुळशीचं पिंप आणि पुढच्या सीटवर बाई. उपकेंद्रासमोरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. मी चक्रावलेच. इथं पाणी तीन दिवसांआड, मोबाईलची रेंज पाहिजे तर गच्चीवर चढा. मी म्हटलं, "बाई, सगळा तालुका सोडून इथं कुठं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच खुळी. "अगं, आराखडा माझाच ना? मला ठाऊक आहे ना, सिस्टर कुठं खरंच राहते ते."

मला रडू आवरेना. त्या म्हणाल्या, "रडू नकोस, आधी बीपी बघ."

दोन वर्षं रोज सकाळी त्यांचं बीपी बघितलं. वाढलं की मी खडसवायची, त्या लोणच्याची बरणी पदराआड लपवायच्या. मग एका सकाळी त्यांच्या घरमालकाची हाक आली. मी पोचले तेव्हा त्या पलंगावर बसूनच होत्या, छातीवर हात धरून. जे शिकले होते ते सगळं केलं. ॲम्ब्युलन्स निघाली होती, आमचे हे दाराबाहेर तिची वाट बघत उभे होते. शेवटपर्यंत बाई माझा हात धरून होत्या. आणि ॲम्ब्युलन्स येण्याआधीच गेल्या.

दहाव्याला त्यांचा मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. मला वाटलं, आता म्हणेल, आई पुण्यात असती तर वाचली असती. मी मान खालीच घातली.

तो म्हणाला, "मी रोज भांडायचो तिच्याशी, ये म्हणून. ती म्हणायची, 'तुमच्या सोसायटीत लिफ्टची वाट बघण्यात जाईल तेवढ्या वेळात इथं माझी सिस्टर दारात असते.'" मग त्यानं विचारलं, "खरंच असं झालं?"

मी म्हटलं, "अनवाणी पळत गेले दादा. चप्पलसुद्धा घातली नाही."