थोरल्याचं मत

सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या आणि दोन भाऊ होते. दाराजवळची खुर्ची थोरल्याची, मागची धाकट्याची. केस दोघेही बरे कापत, पण लोक तिथे केसांसाठी थोडेच यायचे! लोक यायचे ते दोघांचं भांडण ऐकायला.

थोरल्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं. घसा खाकरून तो सुरुवात करायचा, आणि मग मध्ये बोलायची कोणाची बिशाद नव्हती. टोमॅटो शिजवणाऱ्याला टोमॅटो कळलाच नाही. गाण्यात शब्द हवेत कशाला, माणसं दिवसभर काय कमी बोलतात? फुटबॉल हा खेळच नव्हे, ती नुसती धावपळ. खेळ म्हणजे बुद्धिबळ. दुपारी झोपणारा माणूस आळशी, आणि उशीला अभ्रा नसेल तर घाणेरडासुद्धा. एवढं सगळं एका दाढीत उरकायचं.

तो थांबला रे थांबला की मागच्या खुर्चीकडून धाकटा सुरू. कच्चा टोमॅटो गुरांनी खावा. शब्दांशिवाय गाणं म्हणजे भांड्यांची आदळआपट. बुद्धिबळ हे दोन माणसांनी समोरासमोर बसून डुलक्या काढायचं निमित्त. कात्र्या थांबायच्या, गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळायचा आणि बाकावरची मंडळी एकदम खूश.

ह्यात एक गोम होती, आणि ती धाकट्याच्याही कधी ध्यानात आली नव्हती. तो कधीच आधी बोललेला नव्हता. लहानपणी थोरल्याने दुधावरची साय मागितली, तेव्हापासून ह्याला सायीची शिसारी येऊ लागली. थोरला उजव्या कुशीवर झोपायचा म्हणून हा डाव्या. धाकट्याकडे मतं भरपूर होती, पण सगळी थोरल्याची मतं पालथी घालून केलेली.

मग एका दुपारी थोरला "जरा पडतो" म्हणून वर गेला. सलूनच्या वरच त्याचं घर होतं. जन्मात दुपारी न झोपलेला माणूस झोपला, तो उठलाच नाही.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा पहिले आले औषधांच्या दुकानातले काका. माणूस सज्जन, पण सांत्वन करायची जिभेला सवय नाही. बसले, अंगावर पांढरं कापड घेतलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बोलून गेले, "काय हो, अंडं उकडलेलं बरं की तळलेलं?" बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

धाकटा कात्री हवेत धरून उभा राहिला. आधी तिकडून येऊ दे, मग आपण बोलू, ही अंगात मुरलेली सवय. आणि तेवढ्यात कोणीतरी घसा खाकरला.

"उकडलेलं. तळलेल्यात अंडं कमी आणि तेलाचा तोरा जास्त."

बाकावरचा एक जण फसकन हसला आणि मग एकदम गप्प झाला. आरशात काकांचा चेहरा उतरला होता. धाकट्याने आरशात स्वतःकडे पाहिलं. ओठ त्याचेच हलले होते, पण आवाज थोरल्याचा होता, खाकरण्यासकट.

त्याने घाईघाईने तळलेल्या अंड्याची बाजू घेतली, आपल्या आवाजात. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

लोकांचं काय, लोकांना दोन दिवस चमत्कारिक वाटलं आणि तिसऱ्या दिवशी मजा वाटायला लागली. बाक पुन्हा भरला. कोणी पावसात छत्री घ्यावी की भिजावं विचारी, कोणी गादी मऊ बरी की कडक. धाकटा क्षणभर थांबे, घसा खाकरला जाई आणि थोरला बोले. मग धाकटा त्याला उत्तर देई. लोक म्हणायचे, काय नक्कल करतो, बेटा हुबेहूब! नक्कल करणाऱ्याला आपण नक्कल करतोय हे ठाऊक असतं, एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही.

एकदा एका गिऱ्हाइकाने फोनवरचा नवा खेळ दाखवला. पडद्यावर रंगीत फळं पडतात आणि बोटाने फोडायची. थोरला असेपर्यंत ह्या खेळाचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. तरी घसा खाकरला गेला.

"बोटाने खेळायचं तर निदान बोट तरी दमायला हवं."

सगळे खो खो हसले. धाकट्याच्या मात्र अंगावर सर्रकन काटा आला. आतापर्यंत तो मनाची समजूत घालत होता, की जुनी ऐकलेली वाक्यं तोंडातून निघतात. हे वाक्य थोरल्याने कधी उच्चारलेलंच नव्हतं. मेलेला माणूस नवी मतं बनवत होता. आणि त्या दिवशी धाकट्याला उलट उत्तर सुचलंच नाही.

घरी एका सकाळी त्याने दुधावरची साय बोटाने काढली, साखर घालून खाल्ली आणि बोट चाटलं. बायको बघतच राहिली.

"तुम्ही? साय?"

"दुधात खाण्यासारखं तेवढंच तर असतं."

"हे मोठ्या भाऊजींचं बोलणं झालं," बायको म्हणाली. "कालही भाजीला तीच नावं ठेवलीत, जी ते ठेवायचे. मी एकाशी लग्न केलंय. खायला बसताना स्वतःचं तोंड घेऊन बसत जा."

"बरं."

"बरं नको. तुम्हाला काय आवडतं ते सांगा. त्यांचं नको आणि त्यांच्या उलटंही नको. एक काहीतरी."

धाकटा विचार करत बसला. भाज्या आठवल्या, गाणी आठवली, खेळ आठवले. प्रत्येकापुढे थोरला उभा होता. साठीकडे झुकलेला माणूस, आणि त्याला भेंडी आवडते की नाही हे सांगता येईना. आता काही केलं नाही तर आपण शिल्लकच राहणार नाही, असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं.

सुट्टीच्या दिवशी तो पाना घेऊन सलूनमध्ये गेला. थोरल्याची खुर्ची उखडून काढायची, म्हणजे आवाजही जाईल, असा त्याचा हिशेब. पहिला बोल्ट फिरवला तोच जिन्यावर पावलं वाजली. वहिनी खाली आल्या होत्या.

"काढताय?" त्यांनी विचारलं.

"जागा अडते, वहिनी."

"काढा. पण त्याआधी मला ह्यांना एक विचारायचंय."

धाकट्याच्या हातातला पाना तसाच राहिला. "वहिनी, दादा नाहीये. मीच बोलतो ते."

"मला कळत नाही का? पहिल्या दिवशी वर ऐकलं तेव्हा हातातला पेला पडला. मग सवय झाली. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं ऐकायला." त्या थोरल्याच्या खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत त्या कधी बसल्या नव्हत्या. "टोमॅटोवर बोलले, उशीवर बोलले, फुटबॉलवर बोलले. जिना चढेपर्यंत ह्यांचं सगळं बोलणं संपलेलं असायचं. माझ्याबद्दल कधी एक शब्द नाही, भाऊजी. चांगला नाही, वाईटही नाही. मला ह्यांचं मत हवंय."

धाकटा थांबला. घसा आपोआप खाकरला जाईल म्हणून वाट पाहिली. काही झालं नाही. फोनवरच्या फळांवर बोलणारा थोरला आता तोंडातून एक अक्षर काढेना. बाकावर बायकांचा विषय निघाला की तो बुद्धिबळाकडे वळायचा, हे धाकट्याला आठवलं. वहिनींबद्दल त्याचं मत नव्हतंच. हे तोंडावर कसं सांगायचं? वहिनी आरशातून त्याच्याकडे बघत होत्या. नव्या साडीची घडी मोडताना बघावं, तसं जपून.

मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने मुद्दाम नक्कल केली. घसा खाकरला.

"ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना गाते. दुसरी ओळ दरवेळी खालच्या पट्टीत घसरते. चुकतंच ते. पण ते चुकलेलं ऐकलं की बरोबर गाणारे लोक उगाच मेहनत करतात असं वाटतं. ज्या दिवशी गात नाही, त्या दिवशी माझ्या हातून एखाद्याच्या कानाला कात्री लागते."

आवाज अगदी हुबेहूब थोरल्याचा होता. वहिनींचे डोळे भरले होते, पण रडू आलं नाही.

"मी गाते हे ह्यांना ठाऊकच नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "हे घरात असले की मी गायची नाही. आणि इथे ह्यांच्या कानाशी सदा रेडिओ. रस्त्याकडे तोंड."

त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. धाकट्याच्या खुर्चीमागे एक लहानशी खिडकी होती, आणि ती अंगणात उघडत होती.

"हे मत तुमचं आहे, भाऊजी."

धाकट्याने तोंड उघडलं, पण तिथे आता दुसरं कोणी नव्हतं. कोणाच्या उलट नसलेली, कोणाची उसनी नसलेली अशी एकच गोष्ट त्याला आवडत आली होती, आणि ती आपल्याला आवडते हे त्यालाही आत्ता, असं वहिनींसमोर बोलल्यावर कळलं. वहिनींनी पदर सारखा केला, "ह्यांचं काही मिळायचं नाही आता," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी वांग्याबद्दल विचारलं. धाकटा थांबला. घसा खाकरला गेला नाही, आणि मग पुन्हा कधीच खाकरला गेला नाही. "खाऊन बघतो आणि सांगतो," तो म्हणाला. काकांना ते उत्तर पुळचट वाटलं आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

मागच्या अंगणात वहिनी कपडे वाळत घालत होत्या. ओले कपडे झटकल्याचा आवाज येत होता, चिमटे लावल्याचा येत होता. धाकट्याने कात्री थांबवली आणि कान दिला. वहिनी गात नव्हत्या. कोणी ऐकतंय हे ठाऊक असलं की त्या गात नसत.