हळदीच्या पाण्यावरचा ठेका

लग्नाच्या एलईडी स्क्रीनवर नवरा-नवरीच्या फोटोभोवती पाकळ्या पाडणं, हा माझा धंदा. शिरूर ते दौंड कुठल्याही लॉन्सवर जा, माझ्याच पाकळ्या पडताना दिसतील. त्यामुळे दौंडचे एक निवृत्त रेल्वे गार्ड, सॅक्सोफोन वाजवणारे, सगळे ज्यांना मामा म्हणतात ते, दारात येऊन म्हणाले की आमच्या जॅझच्या कार्यक्रमाला चित्रं करून दे, तेव्हा मला वाटलं, त्यात काय एवढं.

कार्यक्रम आमच्याच पॉलिहाऊसमध्ये ठरला. जरबेराची जुनी फुलझाडं काढून झाली होती, नवी रोपं यायला अवकाश होता, आणि आतून ते पांढरं छत म्हणजे आयता पडदा. लोकांनी वाफ्यांच्या मधल्या वाटांवर सतरंज्या टाकून आडवं पडायचं, वर छतभर चित्रं, मध्ये वाजवणारे. पोरांनी दंगा केला तरी चालेल, असं मामांनी मुद्दाम सांगून ठेवलेलं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, यात एकच रस. कुणी प्लास्टिकला खिळा ठोकू नये. आप्पांनी उभी हयात गावच्या भजनात पखवाज वाजवला. मग कान गेले, हळूहळू, पार. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं, आणि तेव्हापासून कुठलाही कार्यक्रम असो, पहिली थाप पडायच्या आत आप्पा उठून घरी. लोकांच्या माना डोलतात आणि आपण नुसतं बघत बसायचं, हे त्यांना सोसत नसे. मला एकदा, एकदाच, त्यांना शेवटपर्यंत थांबलेलं बघायचं होतं. जॅझ गेलं खड्ड्यात, चित्रं मी त्यांच्यासाठी करत होते. ऐकू येत नाही ना, मग दिसू तरी दे.

आणि तिथंच मी माती खाल्ली. तालमीचं रेकॉर्डिंग घेऊन त्याच्यावर सेकंदासेकंदाला चित्रं बसवली. मामा सांगत होते, पोरी, आम्ही परत तसं वाजवणार नाही, पुढं काय येणार ते आमचं आम्हालाच ठाऊक नसतं. मला वाटलं, कलाकार माणसं, बोलायचं म्हणून बोलतात.

चित्रं बघा म्हणून त्या दिवशी आप्पांना मी हाताला धरून बसवलं होतं. अंधार पडला आणि सुरू झालं. ड्रमवाल्या पोरानं कडकडाट केला, तेव्हा माझ्या छतावर शांत चंद्र. सगळे वाजवायचे थांबले, तेव्हा फटाके. लोक हसायला लागले. आप्पांनी ड्रमवाल्याच्या हातांकडे पाहिलं, वर पाहिलं, परत हातांकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. माझी चित्रं थापा मारतायत, हे त्यांना ऐकू न येताही कळलं होतं.

मला स्वतःचा असा संताप आला की लॅपटॉप धाडकन मिटला. पोरांना खेळायला म्हणून पाबळच्या एका सरांकडून जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आणला होता. खाली दिवा, वर काच, काचेवर पारदर्शक ताट आणि ताटात हळदीचं पाणी. तो लावला, आरसा छताकडे वळवला. अख्खं पॉलिहाऊस पिवळं झालं. पण पुढं काय करायचं ते सुचेना. मी आपली चमच्यानं ढवळत बसले.

आप्पा जाता जाता माझ्यापाशी थांबले. तळहातावर तंबाखू, बोटाला चुना, नजर ड्रमवाल्याच्या हातांवर. आणि जिथं त्याची थाप पडली, बरोब्बर तिथंच त्यांनी चुन्याचं बोट पाण्यात टेकवलं.

हळदीत चुना पडला की लाल होतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण ते लाल डोक्यावर, छतभर, असं फाकत जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसणारे वर बोटं दाखवायला लागले. आप्पांनी तंबाखू टाकली, बाही मागं सारली आणि ताटात बोटं नाचवायला सुरुवात केली. पखवाजाचीच बोटं ती. प्रत्येक टोल्याला छतावर तरंग धावत सुटायचा. सरबताचं लिंबू पिळून मी लाल परत पिवळं करायची, ते पुन्हा डबीतला चुना घेऊन लाल करायचे.

मग उलटंच झालं. आप्पांचे हात थांबले. ड्रमवाला वर बघत होता, तोही थांबला. आप्पांनी एक बोट हलकेच टेकवलं, त्यानं तेवढंच हलकं वाजवलं. आप्पांनी सगळा पंजा मारला, तर त्यानं छत हादरवलं. इतका वेळ आप्पा वाजवणाऱ्यांच्या मागं जात होते, आता मामा छताला डोळे लावून आप्पांचे तरंग फुंकत होते. ज्या माणसाला एक सूर ऐकू येत नव्हता, त्याच्या बोटांवर सगळे वाजवत होते. मी लिंबू हातात धरून खुळ्यासारखी रडत होते.

संपल्यावर मामांनी येऊन आप्पांचे रंगलेले हात धरले. मी खुणेनं विचारलं, कसं वाटलं? मला वाटलं, निदान डोळे तरी पुसतील. त्यांनी हात धोतराला पुसले, ड्रमवाल्याकडे मान केली आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"पोरगं ग्वाड वाजवतंय. पर घाई लई करतंय. दोनदा थांबलो म्या त्याला आवराया."