वजनाचा रकाना

हेलिकॉप्टर उतरताना आधी गवत आडवं होतं, मग धुळीचा पिवळसर पडदा उठतो आणि त्यामागून रॉकेलसारखा उग्र दर्प येतो. पाती थांबली की भोवतालची शांतता पूर्वीपेक्षा गडद वाटू लागते. रोह्याच्या मैदानात, हिवाळ्यातल्या त्या सकाळी, अशाच शांततेत मी कागद छातीशी धरून उभी होते.

विमानं आणि हेलिकॉप्टरं भाड्यानं देणाऱ्या एका खासगी कंपनीत मी ग्राहकसेवा सांभाळते. राहते पेणला, रामवाडीत. बरेचसे फोन घरूनच घेते. लोकांना वाटतं, या नोकरीत श्रीमंतांचा सहवास घडतो. मला घडतो तो केवळ आवाजांचा. चेहरा न पाहता माणसाची घाई, मग्रुरी, एकटेपण ओळखायला कान हळूहळू शिकतात. पण ज्या कानांवर आपण इतके विसंबतो, ते नेमकं कुणाचं ऐकतात, हे कधी तपासून पाहतो का आपण?

खाडीकाठच्या एका गावातल्या वृद्ध हमीदचाचांच्या मुलानं मस्कतहून वडिलांसाठी एक फेरी ठरवली होती. रोह्याहून उडायचं, खाडीवरून आपल्या गावाला वळसा घालायचा आणि परत यायचं. तपशील विचारायला मी एका दुपारी चाचांच्या घरी फोन लावला. तो एका बाईंनी उचलला.

"मी सकीना, त्यांची घरवाली. आमी दोगा येनार हाव गो."

हेलिकॉप्टरचा तोल राखायला प्रत्येक प्रवाशाचं वजन आधी लिहून घ्यावं लागतं. चाचांचं त्यांनी लगेच सांगितलं, बासष्ट किलो. स्वतःचं विचारल्यावर मात्र त्या हसल्या.

"माजा काय लिवशील? माजा आता वजन उरला नाय."

आजारपणानं वाळल्या असतील, असं समजून मी अंदाजानं चाळीस लिहिलं.

त्या सकाळी प्रवाशांची नोंद करायला मैदानात मलाच पाठवलं होतं. चाचा एकटेच आले. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर टोपी. काट्यावर उभे राहिले. बासष्ट.

"चाची कुठे आहेत?" मी विचारलं.

"कोन चाची?"

"सकीनाचाची. फोनवर त्याच बोलल्या माझ्याशी."

चाचा काट्यावरून उतरायचेच राहिले. "तिला जाऊन तीन वर्सा झाली, बेटी. घरात मी एकलाच असतो. कदी केलास फोन?"

"गेल्या शुक्रवारी. दुपारी."

"त्या वक्ताला मी मशिदीत होतो. घराला कुलूप होता."

आमचे सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात. मी बाजूला जाऊन कार्यालयातल्या मृणालला फोन लावला आणि ते ध्वनिमुद्रण ऐकायला सांगितलं. तिनं ते दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "सगळा तुझाच आवाज आहे गं. प्रश्न विचारतेस, थांबतेस, 'बरं' म्हणतेस. मधे काहीच नाही." बासष्ट हा आकडा मग मला कुणी दिला?

वैमानिक यादीसाठी थांबला होता. "प्रवासी एक की दोन? मला खरं लिहून द्या."

मी पेन काढलं. एका नावावर रेघ मारायला असा किती वेळ लागतो? तरी मला लागला. ज्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, तिला मी पुन्हा एकदा निरोप देत होते. चाचा शेजारी येऊन ती रेघ पाहत होते. यांना भीती वाटली असेल, आता ते घरी परत जातील, असं मला वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "बोलताना तिला धाप लागत होती?"

मी न समजून त्यांच्याकडे पाहिलं.

"दम्यानं गेली. सरतेशेवटी एक वाक्य पुरा व्हत नव्हता तिचा."

मी तो आवाज पुन्हा आठवला, अगदी प्रामाणिकपणे. "नाही, चाचा. कुठंच अडखळल्या नाहीत. एका दमात बोलत होत्या."

चाचांनी डोळे मिटले. त्यांचे आवळलेले खांदे सैल झाले.

"मंग बरी हाय ती," ते म्हणाले, आणि मान वाकवून हेलिकॉप्टरकडे चालू लागले.