टेकूकाका

“मी वर गेलो, तर खाली टेकू काय तुझा भाऊ लावणार?” बायकोने विमानात बसायचा विषय काढला की तो एवढंच म्हणायचा.

“माझ्या भावाला मध्ये आणू नका. आणि वर जायची भाषा नको,” ती म्हणायची.

विमानतळावर सगळे त्याला टेकूकाका म्हणत. कंपनीचं ते जेट जुन्या घडणीचं होतं. तीन इंजिनं, तिन्ही शेपटीकडे. पुढची माणसं आधी उतरली की मागचा भाग जड होई, नाक उचललं जाई आणि शेपटी जमिनीवर बसायची भीती असे. म्हणून विमान थांबलं की आधी शेपटीखाली लोखंडी टेकू लावायचा, मगच शिडी. हे काम त्याचं. त्याच्या हयातीत शेपटी कधी टेकली नव्हती.

विमान नवं होतं तेव्हा जाहिरातींत त्याचं चित्र असायचं. पुढे इंधन महागलं. मोठ्या शहरांनी त्याच्या आवाजाला कंटाळून दारं लावून घेतली. त्याला चालवायला तिसरा माणूस लागे, नव्या विमानांचं दोघांत भागे. त्याची भावंडं एकेक करून मोडीत निघाली, त्यांचे सुटे भाग याच्या पोटात आले. उरलं ते लहान गावांच्या फेऱ्या करत राहिलं, घरातल्या म्हाताऱ्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवावं तसं. कंपनीच्या नव्या विमानांना टेकू लागत नव्हता.

विमानाच्या सेवेच्या शेवटच्या दिवशी कर्मचाऱ्यांना आणि घरच्यांना एक चक्कर मिळणार होती. बायकोने नवी चप्पल आणली.

“आता नाही म्हणालात तर माहेरी जाईन.”

“या वयात ठेवून घेतील?”

तो तयार झाला. टेकूचं काम त्याने सामान चढवणाऱ्या जोडीदारावर सोपवलं. “थांबलं की आधी टेकू.”

“मला शिकवू नका, काका. वहिनींना खिडकी द्या.”

दोघांना अगदी पुढची जागा मिळाली. बायको नदी दाखवत होती, रस्ते दाखवत होती. तो ऐकत होता. जन्मभर इंजिनांच्या ज्या किंकाळीने त्याचे कान बधिर झाले, ती इथे पुढे जवळजवळ पोचतच नव्हती. पंख्याच्या घरघरीएवढा आवाज. याची त्याला कुणी कल्पना दिली नव्हती.

विमान उतरलं, थांबलं. फोटोसाठी निम्मी माणसं मागे धावली. पुढची उतरायला उठली. दार उघडलं, शिडी लागलेलीच होती. त्याने खिडकीतून पाहिलं. जोडीदार मोबाइल धरून विमानाचं चित्रण करत होता आणि टेकू शेडच्या भिंतीशी उभा होता.

पहिली चार-पाच माणसं शिडीवर गेली. पायाखालची फरशी किंचित मागे कलली.

तो उठला आणि दारात हात पसरून उभा राहिला. “बसा. कोणी उतरायचं नाही. मागचे सगळे पुढे या!”

“काका, भावना समजतात,” एक साहेब म्हणाले, “पण पोटात कावळे ओरडतायत.” लोक हसले.

“अहो, व्हा ना बाजूला, सगळे बघतायत,” बायको कुजबुजली.

“तूही बस.”

फोटो आता पुढे काढणार असं वाटून मागची मंडळी केस सारखे करत पुढे आली. फरशी सावकाश सरळ झाली. त्याने बाहेर तोंड काढून हाक मारली, “टेकू लाव!”

जोडीदाराने मोबाइल खिशात कोंबला आणि तो धावला. थोड्या वेळाने मागून, खालून, लोखंडावर लोखंड बसल्याचा बारीक धक्का आला. त्याच्याशिवाय कुणालाही तो जाणवला नाही.

तो बाजूला झाला. माणसं उतरू लागली. साहेबांनी जाता जाता त्याचा खांदा थोपटला. “जड जातं, काका. होतं असं.”

बायको पर्स सावरत उठली. तिचा चेहरा उतरला होता.

“एकदाची बसले तुमच्या विमानात, तर तिथेही तमाशा. निदान कसं वाटलं ते तरी सांगा.”

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला वाट करून दिली आणि तिच्या मागोमाग शिडी उतरून गेला.