खांदा बसलेला नाही

त्यांना वर्गात सगळे 'एक्सरे' म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं. दवाखान्यात तीस वर्षं एक्सरे काढणारा हा गृहस्थ, पन्नाशी उलटलेला, अंगात कायम तोच राखाडी स्वेटर. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी मी 'चित्र कसं बघावं' हा वर्ग घ्यायचो, तिथे ते पहिल्या दिवसापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आले. वर्तमानपत्रात चित्रप्रदर्शनांवर मी वर्षानुवर्षं लिहीत होतो. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा लोकांचा समज होता की नाही कोण जाणे, माझा मात्र नक्की होता.

फळ्यावर मी चार प्रश्न लिहायचो. काय दिसतं? कसं मांडलंय? काय म्हणायचंय? जमलंय का? वर्गातले बाकीचे लोक पहिल्या प्रश्नावरून टुणकन उडी मारून थेट चौथ्यावर जायचे. एक्सरे पहिल्यावरच ठाण मांडून बसायचे. एकदा मी होड्यांचं एक चित्र दाखवलं. कुणाला त्यात एकटेपणा दिसला, कुणाला आयुष्याचा प्रवास. एक्सरे उठले आणि म्हणाले, "होड्या तीन आहेत. पाण्यात सावल्या दोनच."

"अहो, तुम्हाला चित्र बघायचंय की होड्यांची हजेरी घ्यायचीये?" मी म्हटलं आणि वर्ग खदखदून हसला. घरी जाऊन मी ते चित्र पुन्हा पाहिलं. सावल्या दोनच होत्या. त्या चित्रावर मी दोन लेख लिहिले होते. पुढच्या रविवारी मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, उलट होड्यांचा विषय निघणार नाही याची काळजी घेतली.

एकदा जिना उतरताना मी त्यांना विचारलं, "तुम्ही पुढे का जात नाही हो? अर्थ सांगायला काय पैसे पडतात?"

"सवय नाही सर. आम्हाला सावली दिसली तर सावली म्हणायचं, एवढंच. ती कशाची ते डॉक्टर सांगतात. मी आधीच काहीतरी बोलून बसलो आणि चुकलो, तर तो माणूस घरी जाऊन झोपेल का?"

मी हसून त्यांच्या पाठीवर थाप मारली. त्यांनी मला शहाणपणाचे चार शब्द सांगितले आहेत, हे कळायला मला फार उशीर लागला.

वाचनालयाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं. भिंतीवर बारा चित्रांपुरती जागा, आणि निवड माझ्याकडे. मी जाहीर केलं की वर्गातल्या लोकांनी आपली किंवा घरच्या कुणाची चित्रं आणावीत, चित्रावर नाव घालू नये. नाव झाकलं की टीका निकोप होते, असं माझं तत्त्व. सात-आठ चित्रं आली, गावातल्या चित्रकारांची आधीच आलेली होती ती वेगळी. त्या रविवारी नेहमीपेक्षा गर्दी होती, काहींनी घरची माणसंही आणली होती. मला तर बहरच आला.

पाचवं चित्र मी स्टँडवर ठेवलं. टेबलाशी खुर्चीवर बसलेली एक बाई. उजवा हात खाली लोंबतोय, डावा हात टेबलावर, बोटं कशाची तरी चिमूट धरल्यासारखी. मी क्षणभर पाहिलं, चित्राकडे पाठ केली आणि लोकांकडे तोंड करून सुरू झालो. वीस मिनिटं मी तोंडसुख घेतलं. हाताची बोटं हवेत उगाच, चेहरा खाली घातलेला, म्हणजे चेहरा काढता येत नाही. "आणि हा खांदा! हा खांदा बसलेलाच नाही. चित्रकाराने डोळे मिटून काढलाय की काय?"

लोक हसले. हसू आलं की माझ्या जिभेला आणखी धार चढते. मी एक्सरेंकडे वळलो. "तुम्ही तर रोज खांदे बघता. सांगा बरं, असा खांदा असतो का कुणाचा?"

ते उठले. त्यांनी एकदा शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

"असतो," ते म्हणाले. "खांद्याचं हाड खोबणीतून खाली आलंय. बसवला तरी पुन्हा निसटतो. बरोबर काढलाय."

"म्हणजे हे चित्र नाही, तुमच्या दवाखान्याचा रिपोर्ट आहे!"

वर्ग पुन्हा हसला. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक बाई उठल्या आणि खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी डाव्या हाताने स्टँडवरचं चित्र उचललं. उजवा हात त्यांनी कोटाच्या खिशात ठेवला होता, आणि त्या बाजूचा खांदा चित्रात होता तसाच, चार बोटं खाली. एक्सरे चित्र धरायला पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच 'नको' म्हटलं. दोघं जिना उतरून गेले. जमिनीने पोटात घ्यावं असं मला झालं, पण जमीन काही कुणाच्या सोयीने फाटत नाही. मी सहावं चित्र लावलं. मी खरंच सहावं चित्र लावलं आणि त्यावर बोललो.

पुढच्या रविवारी ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती, खरं सांगायचं तर आशाच होती. ते आले. वर्ग संपल्यावर मी कानकोंडा होऊन त्यांच्याजवळ गेलो.

"त्या तुमच्या..."

"मोठी बहीण," ते म्हणाले. "कपडे शिवायची. आठ वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली. तिचा पहिला एक्सरे मीच काढला. त्यानंतर घराबाहेर जवळजवळ पडलीच नाही. दोन वर्षांपासून डाव्या हाताने चित्रं काढायला लागली. मीच म्हटलं, चल, आमचे सर फार बारकाईने बघतात."

"आता काय करतात?"

"रंग शेजारच्या मुलीला देऊन टाकले."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते नेहमीच्या आवाजात, होड्या मोजल्यासारखं सांगत होते.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, त्यावर घट्ट बसवलेलं कापडी आवरण. ताई टेबलाशी बसल्या होत्या. मी खिशातून प्रदर्शनाचा अर्ज काढला.

"बारावी जागा मी तुमच्यासाठी ठेवलीये. चित्र फार चांगलं आहे," मी म्हटलं.

"कोणतं चित्र?" त्यांनी विचारलं.

"तेच. त्या दिवशीचं."

"त्यात बाई काय करतेय?"

"बसलीये."

"बसून?"

मी आठवू लागलो. ज्या चित्रावर मी वीस मिनिटं बोललो होतो, त्यातली बाई काय करत होती हे मला सांगता येईना. एक्सरे दारात उभे होते, त्यांनी मला मदत केली नाही. ताई उठल्या, आतून चित्र घेऊन आल्या आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवलं.

मी चष्मा पुसला आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा पहिल्या प्रश्नापाशी थांबलो. टेबलाच्या फळीत एक सुई उभी रोवलेली होती. डाव्या हाताच्या चिमटीत दोरा होता, केसाएवढा, भिंतीच्याच रंगाचा. सुईच्या नेढ्याशी येऊन तो थबकला होता. एक हात निकामी झालेली बाई सुईत दोरा ओवत होती. चेहरा खाली होता, कारण दुसरीकडे बघून सुई ओवता येत नाही.

"दोरा... लांबून दिसत नाही," मी म्हटलं. बघा, तेव्हाही मी चूक चित्राचीच काढली.

"दोरा बारीकच असतो, सर," ताई म्हणाल्या.

मग मी खूप बोललो. रचना, रंगांचा संयम, हाताची ती चिमूट, सगळ्यावर बोललो, आणि या वेळी त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ताईंनी ऐकून घेतलं. अर्जावर डाव्या हाताने सही केली आणि म्हणाल्या, "लावायचं तर लावा. मी येणार नाही."

चित्र लागलं. दारातून आत आल्याबरोबर नजरेला पडेल अशी भिंतीवरची सगळ्यात चांगली जागा मी त्याला दिली. लोक जवळ जाऊन, वाकून बघत होते. एक्सरे रोज ड्यूटी संपली की यायचे, कोपऱ्यात उभे राहायचे आणि किती जण थांबले ते घरी सांगायचे. ताई आल्या नाहीत. शेवटच्या दिवशी चित्रं उतरवताना मला राहवलं नाही.

"अहो, मी घरी येऊन एवढं सगळं बोललो. अजून काय करायला हवं होतं मी?"

एक्सरेंनी चित्र कागदात गुंडाळलं, दोरी बांधली. "तुम्ही बरंच बोललात, सर," ते म्हणाले. "पण 'चुकलो' म्हणाला नाहीत."

"म्हणालो नाही?"

"नाही."

हा माणूस नसलेलं कधी सांगत नाही, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी सगळं पुन्हा आठवून पाहिलं. खरंच म्हणालो नव्हतो. ते चित्र काखेत घेऊन जिना उतरू लागले, तेव्हा मला त्यांच्याबरोबर जाता आलं असतं. घर दहा मिनिटांवर आहे. मी राहिलेले खिळे काढत बसलो. याला आता चार महिने झाले, आणि मी अजून गेलेलो नाही.