बायकोच्या डोक्याचा पेपर

हे मला सांगायला लावू नका, असं दहा वेळा म्हटलं. पण आमच्या आळीला दुसरा उद्योग नाही. निदान माझ्या तोंडून ऐका, म्हणजे खोटं जरा कमी मिसळेल.

माझी बायको लक्ष्मी. सत्तरी ओलांडली तरी रोज ओहोटीला चौलजवळच्या खाडीत उतरते, चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढते, घरोघर विकते. आमच्या पनवेलच्या पोराच्या मनात बसलं, आई आता विसरायला लागली. त्यात मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातून मृणाल नावाची मुलगी आली, म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायला. पोरगा फोनवर तिला म्हणाला, आईचा पेपर घ्या. नापास झाली तर खाडी बंद.

लक्ष्मी एवढंच म्हणाली, "खाडी बंद केलीत तर घरात बसून खरंच डोकं जाईल माझं."

मी खूश होतो. खोटं कशाला बोलू? तिच्या खाडीपायी मला चहा कधी वेळेवर मिळालेला नाही.

पेपर सुरू झाला. आज तारीख काय? लक्ष्मी म्हणाली, तृतीया. चूक. पाच शब्द लक्षात ठेवा, पियानो, गालिचा, हातमोजे, काटा-चमचा, बर्फ. तिला फक्त बर्फ आठवला, कारण तो मासळीला लागतो. एकट्याने लांबचा प्रवास करता का? नाही. मोबाईल स्वतः लावता का? नाही. मार्क चालले खाली.

मग मी हट्टाने माझाही पेपर द्यायला बसलो. तारीख आधीच मोबाईलवर बघून ठेवली होती. पियानो जन्मात बघितला नाही, पण घोकला. पास झालो. तसाच टपरीवर गेलो आणि चार लोकांत सांगून आलो, हिचं डोकं गेलं, माझं शाबूत आहे.

एवढ्यावरच थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी मृणाल परत आली. लक्ष्मीसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आजी, चूक तुमची नाही. आमच्या कागदाची आहे." म्हणे हे प्रश्न परदेशातल्या शिकलेल्या माणसांना, त्यातही बहुतेक पुरुषांना, विचारून ठरवलेले. मग तीच मोजपट्टी सगळ्या जगाला लावली. खाडीत उतरणाऱ्या बाईला काय काय लक्षात ठेवावं लागतं, ते कुणी विचारलंच नाही.

पोरगी काडीसारखी, पण आपल्या मास्तरांचा कागद चुकला म्हणायला छाती लागते. मी आयुष्यात स्वतःची एकही चूक कबूल केलेली नाही, म्हणून मला ते काम किती अवघड आहे ते पक्कं माहीत आहे.

पण तोंडातून काय निघालं? "खाडीत लक्षात ठेवायचं काय? चिखल तो चिखल. मी आणून दाखवतो तिसऱ्या."

टोपली उचलली. लक्ष्मी म्हणाली, "अवो, आज चतुर्थी हाय. तीनला भरती. आता अकरा वाजलं, पानी कवाच फिरलं."

मी म्हटलं, मी पास झालेला माणूस आहे.

तासाभरात वाळूच्या उंचवट्यावर मी, हातात टोपली, चारी बाजूंनी पाणी. टोपलीत तिसऱ्या सात. काठावर लक्ष्मी, मृणाल आणि हळूहळू सगळी आळी.

लक्ष्मी शांत डोक्याने ओरडून सांगत होती. "डावीकडं जाऊ नका, गाळ हाय. समोरचा खुंट धरा. आता दगड लागंल पायाला. लागला?" लागला. "आता धा पावलं सरळ. मोजा." पाण्याखालचं काहीएक दिसत नव्हतं. बाईने अख्खी खाडी डोक्यात मांडून ठेवलेली. छातीभर पाण्यात मी आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं ऐकलं आणि जिवंत बाहेर आलो.

मृणाल सगळं वहीत उतरवत होती. मला अंग पुसायला पंचा द्यावा, हे तिला सुचलं नाही.

त्यानंतर पोराने खाडीचं नाव काढलं नाही. मृणालने किनाऱ्यावरच्या बायकांना विचारून नवा पेपर केला. चांगला केला, मान्य. महिन्याभराने तो आमच्या आळीत आला. प्रश्न तिसरा असा: एक आजोबा चतुर्थीला अकरा वाजता खाडीत उतरले, त्यांचं काय चुकलं? आळीतल्या सगळ्या बायका हसत हसत पास.

मलाही दिला. मी उत्तर सांगितलं, टोपली लहान होती.

नापास केलं मला. आणि वर अजून माफी मागितलेली नाही त्या मृणालने.